उपद्रव कोण ठरवतो?

2019 साली कर्वेनगरातल्या एका सोसायटीने मला कायद्यावर बोलायला बोलावले होते. एका निवृत्त गृहस्थांचा मुलगा विमाननगरात राहतो. लोहगावच्या विमानांनी नातवाची झोप मोडते, उपद्रवाचा दावा लावता येईल का, असे त्यांनी विचारले.

मी म्हणालो, कठीण आहे. इंग्लंडने 1920 मध्ये विमानांना जे संरक्षण दिले, तेच आपल्या 1934 च्या विमान कायद्यात कलम 17 म्हणून आले. वाजवी उंचीवरून विमान गेले, एवढ्याच कारणाने दावा चालत नव्हता. (1 जानेवारी 2025 पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे.) सत्तेला विमाने उडवायची होती, म्हणून घरमालकाचा जुना हक्क कापला गेला.

सभेत हळहळ झाली. पण घरमालकाला निदान दार ठोठावता तरी येते! खासगी उपद्रवाचा दावा जमिनीत हक्क असणाऱ्याचाच, असे इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1997 मध्ये कॅनरी व्हार्फच्या खटल्यात बजावले. घरात राहणाऱ्या बायकामुलांनाही तो नाकारला. मग मुंबई विमानतळाच्या भिंतीला टेकलेल्या जरीमरीतल्या झोपडीवाल्याने कोणता उतारा दाखवायचा?

पुढचा प्रश्न आला, ‘वकीलसाहेब, मागच्या वस्तीचं काय? नाल्याचा वास, जयंतीचे स्पीकर!’

बांधवांनो, इथे कायद्याची भाषा उलटते. ज्याच्या दारात मैला वाहतो, तोच उपद्रव ठरतो. दिल्लीच्या कचऱ्यावरील अल्मित्रा पटेल खटल्यात 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने झोपडीवाल्याला मोफत जागा देणे म्हणजे खिसेकापूला बक्षीस देणे, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्याच न्यायालयाने 1980 मध्ये रतलामच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून नगरपालिकेला सुनावले होते की, तिजोरीत पैसा नाही हे गटार न बांधण्याचे कारण होऊ शकत नाही. त्या गटाराचा आदेश रतलामच्या दंडाधिकाऱ्यांनी कलम 133 खाली दिला होता.

स्पीकरबाबत मी आपली बाजू घेतली नाही. 2000 च्या ध्वनी नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. ती गणपतीला लागू आहे आणि आपल्या डीजेलाही. बाबासाहेब बॅरिस्टर होते, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.

सभेनंतर वस्तीतल्या काही बायांना भेटलो. जुने कलम 133 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 झाले आहे. त्यासाठी ना सातबारा लागतो, ना खरेदीखत. कोणीही माहिती द्यावी, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला उपद्रव हटवण्याचा आदेश काढता येतो. अर्जात नाला कुठून कुठे वाहतो, किती घरे आहेत, कोण आजारी पडले, हे लिहा. महापालिकेला दिलेल्या तक्रारींची पोच जोडा. पोच नसेल तर आधी ती मिळवा.