क्लेम लिहिणारे आणि क्लेम लढवणारे

राइट बंधूंनी 1903 मध्ये आपल्या उडत्या यंत्राचा पेटंट अर्ज स्वतःच लिहून पाठवला. तो फेटाळला गेला. मग ते ओहायोतल्या स्प्रिंगफील्डच्या हॅरी टूलमिन या वकिलाकडे गेले. टूलमिनने इंजिनाचा नादच सोडला. पंखांची टोके पिळून आणि मागचे सुकाणू त्याच्या जोडीने वळवून यंत्र हवेत तोल कसा सावरते, त्यावर त्याने हक्क मागितला. 22 मे 1906 रोजी पेटंट मिळाले.

ग्लेन कर्टिसने पंख पिळण्याऐवजी बिजागरीवर हलणाऱ्या झडपा वापरल्या. 1909 मध्ये खटला उभा राहिला. राइटांच्या बाजूने उभे राहिले बॉस्टनचे फ्रेडरिक फिश, बेल आणि एडिसन यांचेही वकील. 1914 च्या जानेवारीत अपील कोर्टाने राइटांच्या बाजूने कौल दिला. टूलमिनचे शब्द इतके ऐसपैस होते की त्या झडपाही त्यांत अडकल्या. विल्बर मात्र 1912 मध्येच विषमज्वराने गेला होता.

फिश यांची 1878 ची फर्म आज ‘फिश अँड रिचर्डसन’ या नावाने अमेरिकेतल्या मोठ्या पेटंट फर्ममध्ये गणली जाते. टूलमिन आणि फिश दोन वेगळ्या गावचे. अशा फर्ममध्ये मात्र अर्ज लिहिणे आणि खटला लढवणे ही दोन्ही कामे एका छपराखाली चालतात.

अर्जाच्या बाजूला बसतात ते विज्ञान किंवा इंजिनिअरिंग शिकलेले लोक. अमेरिकेत पेटंट ऑफिसपुढे उभे राहायला तांत्रिक पात्रता आणि वेगळी परीक्षा लागते. कायद्याची पदवी नसली तरी पेटंट एजंट होता येते. परीक्षक जुने पेटंट किंवा शोधनिबंध पुढे करून म्हणतो, हे तर आधीच माहीत होते. मग क्लेममध्ये, म्हणजे नेमका हक्क मागणाऱ्या वाक्यात, एखादा शब्द घालून तो अरुंद करायचा. सगळी मेख इथे आहे. अर्ज वाचवण्यासाठी जे सोडून दिले, ते पुढे कोर्टात सहसा परत मागता येत नाही, आणि प्रतिपक्ष हा पत्रव्यवहार ओळ न् ओळ वाचतो.

खटल्याची बाजू याहून गाजावाजाची आणि कितीतरी महाग. 1996 च्या मार्कमन निकालापासून क्लेमचा अर्थ ज्यूरी नव्हे, न्यायाधीश ठरवतात, आणि त्या एका सुनावणीत अनेक खटल्यांचा रंग पालटतो. 2012 पासून पेटंट ऑफिसातच मंजूर पेटंटला आव्हान द्यायची नवी वाट निघाली, त्यामुळे प्रतिवादी अनेकदा दोन आघाड्यांवर लढतो. एक गंमत आहे. प्रतिस्पर्ध्याची गोपनीय कागदपत्रे पाहिलेल्या वकिलाला त्याच विषयातले क्लेम लिहायला कोर्ट अनेकदा ठरावीक काळ मनाई करते. छप्पर एक असले तरी मध्ये भिंत हवीच.

नाव होते ते कोर्टात बोलणाऱ्याचे. माझ्या मते राइटांचा खटला टूलमिनच्या टेबलावरच निम्मा जिंकला गेला होता. त्या विजयाने अमेरिकन विमान उद्योगाचे भले झाले का, हा प्रश्न निराळा: 1917 मध्ये युद्धाच्या गरजेने सरकारला पुढाकार घ्यावा लागला आणि विमान कंपन्यांनी आपली पेटंटे एकत्र वापरायला काढली.

आपल्याकडेही विज्ञान पदवीधराला पेटंट एजंटची परीक्षा देता येते, आणि मुंबईत अँटॉप हिलला पेटंट ऑफिस आहे. शोधनिबंध छापण्याआधी निदान प्रोव्हिजनल अर्ज तरी टाका. पूर्ण अर्जासाठी त्यानंतर 12 महिने मिळतात.