पाइपच्या पोटातली चांदी

कुंभकोणमजवळच्या स्वामीमलैला मूर्तिकार आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर मातीचा साचा चढवतात, मेण वितळवून काढतात आणि पोकळीत पंचधातू ओततात. मूर्ती एकसंध, सांध्याची चिंताच नाही! तिथून सुमारे ९० किलोमीटरवर तिरुचिरापल्लीला मात्र सगळा कारभार सांध्यांचा. भेलचा बॉयलर कारखाना तिथला, आणि १९७५ पासून वेल्डिंग संशोधन संस्थाही तिथेच.

वीजकेंद्राच्या वाफेच्या पाइपांत अनेकदा ९ टक्के क्रोमियमचं पोलाद असतं. त्याच्या वेल्डचा पहिला थर, म्हणजे रूट, मारताना पाइपच्या आतही अर्गॉन भरावा लागतो. हेच बॅक पर्जिंग. बाहेरून टिग वेल्डिंगचा टॉर्च वायू सोडतोच. पण आतून वितळलेल्या धातूला हवा भिडली, की करपलेल्या साखरेसारखा काळा, खरखरीत थर चढतो.

स्टेनलेस पोलादालाही हेच पर्जिंग लागतं, आणि त्याच्या सांध्याचा रंगच निकाल सांगतो. चांदीसारखी चमक उत्तम, फिकट सोनेरी बहुतेक ठिकाणी चालतो, गडद निळा दिसला की शंका घ्या, काळा दिसला तर सांधा कापा. डिग्री कॉफीच्या कुंभकोणमला हे सांगायलाच हवं: डेअरीच्या पाइपात असा खरखरीत सांधा राहिला, तर तिथे दूध अडकतं आणि जंतूंचं फावतं.

अर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड. म्हणून तो खालून सोडायचा, हवा वरून बाहेर घालवायची, तीही सावकाश. घाई केली तर दोन्ही मिसळतात. सांध्याची फट टेपने बंद करायची आणि वेल्ड पुढे सरकेल तसतशी टेप सोलत जायची. शेवटच्या इंचभरात वायूचा जोर कमी केला नाही, तर वितळलेला धातू बाहेर ढकलला जातो.

मला सर्वांत आवडते ती कागदाची युक्ती! लांब पाइप अख्खा कशाला भरायचा? सांध्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचे पडदे लावायचे. पुढे पाइपची पाण्याने दाबचाचणी होते, तेव्हा पडदे आपोआप विरघळून जातात.

अर्गॉन हा वायू १८९४ मध्ये रॅले आणि रॅमझी यांनी शोधला. हवेत तो जेमतेम ०.९३ टक्के. द्रव हवेतून तो वेगळा काढणं जिकिरीचं, कारण अर्गॉन उणे १८६ अंशांना उकळतो आणि ऑक्सिजन उणे १८३ला.

अर्गॉनला वास नाही, रंग नाही. पर्ज केलेल्या टाकीत किंवा मोठ्या पाइपात डोकावण्याआधी ऑक्सिजन मीटर लावाच, आकडा १९.५ टक्क्यांखाली असेल, तर आत पाऊल टाकू नका.