मन्याची शुगर आणि उजनीचं मायनस

मांजराला डायबेटिस झालाय असं हॉस्टेलवर सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग त्याला बिनसाखरेचा चहा देता का?" हसा, हरकत नाही! पण करमाळा तालुक्यात उजनीच्या काठावर आमचं गाव आहे आणि घरात आजीलाही शुगर आहे, तिच्या मन्या बोक्यालाही. चहूकडे ऊस, जिल्हाभर साखर कारखाने आणि घरात दोन पेशंट. आजीची शुगर गोळ्यांवर सरळ चालते. मन्याची मात्र आज 140, उद्या 380, परवा 75. डोस तोच, टोचणारा हातही तोच. मग आकडा असा का पळतो? डॉक्टरांकडून समजून घेतलं, थोडं वाचलं, तेव्हा लक्षात आलं की हा बराचसा आपल्या कंट्रोल सिस्टीमचाच विषय आहे.

आधी रोग समजून घेऊ

मांजराचा डायबेटिस बहुतेक वेळा माणसाच्या टाइप 2 सारखा असतो. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि मग स्वादुपिंड थकतं. लठ्ठ, वयस्कर, नसबंदी झालेल्या बोक्यांना धोका जास्त. रक्तातली साखर साधारण 250 ते 280 च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती अडवता येत नाही. धरण भरल्यावर सांडव्यावरून पाणी जावं तशी ती लघवीतून वाहू लागते आणि सोबत पाणीही नेते. म्हणून बोका सारखा पाणी पितो, सारखा मुततो, भरपूर खाऊनही रोडावतो. काही मांजरं मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागतात.

आकडा पळतो त्याची चार कारणं

पहिलं कारण सेन्सर. मांजर घाबरलं की त्याची साखर उसळते. पिशवीत घालून एसटीने दवाखान्यात नेलं तर निरोगी मांजराचीसुद्धा 200-300 दिसू शकते! म्हणून कानाच्या कडेला बारीक टोचून घरीच तपासणं चांगलं. त्यातही माणसांसाठीचं ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बऱ्याचदा खरी असते त्यापेक्षा कमी साखर दाखवतं, कारण मांजराच्या रक्तातली बहुतेक साखर तांबड्या पेशींत नसून प्लाझ्मात असते. यावर उपाय म्हणजे मीटर कायम एकच ठेवायचं आणि एका आकड्यापेक्षा चढउतार बघायचा. गेल्या एक-दोन आठवड्यांची सरासरी हवी असेल तर डॉक्टर फ्रुक्टोसामिन नावाची तपासणी करतात.

दुसरं कारण इनपुट. आपल्याकडे मांजराचं जेवण म्हणजे दूध-भाकरी. मांजर मूळचं मांसाहारी, त्याला पिष्ट पदार्थांची गरज फार कमी. एक दिवस भाकरी, दुसऱ्या दिवशी धरणातली चिलापी, तिसऱ्या दिवशी शेजारणीने घातलेला दूधभात... मग आकडा कसा स्थिर राहणार? उकडलेला, काटे काढलेला मासा किंवा चिकन, तेच माप आणि तीच वेळ. (कायमचा आहार मात्र डॉक्टरांनाच विचारून ठरवावा, नुसत्या माशावर मांजराचं पूर्ण पोषण होत नाही.) आणि हो, भाकरी बंद केली की इन्सुलिनची गरजही झपाट्याने उतरू शकते. म्हणून डॉक्टरांना न सांगता आहार एकदम बदलायचा नाही.

तिसरं कारण लॅग. उन्हाळ्यात उजनीतून सोलापूरसाठी नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचायला कित्येक दिवस लागतात. पाणी दिसत नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी आणखी दरवाजे उघडले तर काय होईल? इन्सुलिनचंही तसंच आहे. सकाळी टोचलेलं औषध काही तासांनी तळ गाठतं आणि मग उतरत जातं. बदललेल्या डोसचा खरा परिणाम कळायला तर पाच-सात दिवस लागतात. रोजच्या आकड्यामागे डोस वर-खाली करत राहिलो तर सिस्टीम झोके खायला लागते. व्हायवाला आपण याला हंटिंग म्हणतो! त्यामुळे डॉक्टर 12 तासांचा ग्राफ काढायला सांगतात. दर दोन तासांनी एक रीडिंग घ्यायचं आणि त्यातला सर्वांत खालचा बिंदू शोधायचा. डोस ठरतो तो मुख्यतः या बिंदूवर. तो साधारण 80 ते 150 मध्ये असावा. तेच जेवण, तोच डोस असूनही दोन दिवसांचे ग्राफ सारखे येतीलच असं नाही, हेही मान्य करून टाकायचं.

चौथं कारण, प्लांटच बदलतो. दात किडला, लघवीत इन्फेक्शन झालं, स्वादुपिंडाला सूज आली, स्टेरॉइड दिलं, की इन्सुलिन लागू पडत नाही. उलट, लवकर आणि नीट उपचार झाले तर बऱ्याच मांजरांचं स्वादुपिंड पुन्हा काम करू लागतं आणि इन्सुलिन बंदही करता येतं. आनंदाची गोष्ट, पण त्या वळणावर जुना डोस जास्त होतो आणि धोका सुरू होतो.

मायनस चालत नाही

उजनीची क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा. म्हणून मे महिन्यात "उजनी मायनसमध्ये" अशी बातमी आली तरी खाली पाणी असतं आणि काठावरच्या मोटारी पाइप वाढवून चालूच राहतात. मांजराच्या बाबतीत असा भरवसा नाही. यकृतात थोडी साखर साठलेली असते, पण जास्त झालेलं इन्सुलिन तीच बाहेर येऊ देत नाही. 300 वर गेलेला एखादा दिवस निभावतो. 60 च्या खाली गेलेला तास जीव घेऊ शकतो.

मांजर झोकांड्या खातंय, थरथरतंय, हाक मारली तर बघत नाही, असं दिसलं की मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी हिरड्यांना चोळायचं. झटके येत असतील तर तोंडात काही ओतायचं नाही. शुद्धीवर आलं की खायला द्यायचं आणि लगेच डॉक्टरांना फोन. बोका जेवला नाही किंवा ओकला तर पूर्ण डोस द्यायच्या आधी विचारायचं. सुई नीट लागली की नाही अशी शंका आली तरी दुसऱ्यांदा टोचायचं नाही. आणि खाणं सोडून सारखा ओकत, मलूल पडून असेल तर घरी थांबायचंच नाही, रक्तात कीटोन वाढलेले असू शकतात.

लीस्ट काउंट सांभाळा

आपल्याकडे इन्सुलिन 40 आणि 100 युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही ताकदींत मिळतं. 40 च्या सिरिंजचं टोपण लाल, 100 च्या सिरिंजचं नारिंगी. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 2 च्या खुणेपर्यंत भरलं तर जातात 0.05 मिलिलिटर, म्हणजे 5 युनिट! मांजराचा डोस बहुधा एका युनिटपासून सुरू होतो, त्यामुळे अशी अडीचपट चूक थेट जिवावर बेतते. बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा रोज वाचायचा. अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मिळाली तर उत्तम.

औषध 2 ते 8 अंशात ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. लाईट गेली तर? आजीने सोय केली आहे. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात डब्यात बाटली. करमाळ्याच्या उन्हाळ्यात तेवढ्या वेळेला हे पुरतं.

अमेरिकेत 2022 आणि 2023 साली मांजरांसाठी तोंडाने देण्याच्या दोन औषधांना मान्यता मिळाली. ती जादा साखर लघवीवाटे काढतात, पण सगळ्या मांजरांना चालत नाहीत. इन्सुलिनवर असलेल्या मांजराला तर ती देऊ नयेत असं सांगितलं आहे.

आमच्या गावाकडे जनावरांचा दवाखाना म्हणजे गाई-म्हशी. मन्याचे डॉक्टर पुण्यात आहेत, त्यामुळे बरंचसं काम फोनवर आणि आजीच्या कॅलेंडरवर चालतं. वेळ, आकडा, किती खाल्लं, किती प्यायला, असं सगळं त्या त्या तारखेच्या चौकोनात. आकडा विचित्र आला की मी कॅल्क्युलेटर शोधतो आणि आजी म्हणते, "आरं, त्यो आकडा ऱ्हाऊ दे, आदी बोका बघ." डॉक्टरही नेमकं तेच सांगतात. वजन टिकलंय, पाणी पिणं कमी झालंय, अंग चाटून साफ करतोय, उडी मारतोय, तर एखादं 300 फार मनावर घ्यायचं नाही.

तेव्हा सुट्टीत गावी जाल तेव्हा घरचं मांजर पाण्याच्या घमेल्यापाशी सारखं दिसतंय का, ते जरा बघा. दिसलं तर "उन्हाळा आहे" म्हणून सोडून देऊ नका. लवकर तपासलं तर त्याचं इन्सुलिन एक दिवस सुटूही शकतं.