अर्ध्या थ्रॉटलवरची निवड
लेखमाला : दुचाकी समजून घेताना – भाग ९

मागच्या दोन भागांत आपण टायर आणि एबीएस समजून घेतले. आता ते ज्ञान वापरायची वेळ आली आहे. बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेश, नेकनूर, चौसाळा, पाटोदा या पट्ट्यातल्या तरुणांच्या बोलण्यात सध्या एक प्रश्न सारखा येतो : स्पोर्ट मोटरसायकल घ्यायची तर केटीएम आरसी ३९० की एप्रिलिया आरएस ४५७? प्रश्न अवघड आहे, कारण दोन्ही गाड्या कागदावर जुळ्या वाटतात. जगाच्या बाजारात सहाशे-सातशे सीसीच्या गाड्यांना मधल्या वजनाच्या म्हणतात, आपल्याकडे ही जागा साडेतीनशे ते पाचशे सीसीच्या गाड्यांनी घेतली आहे.

दोन्ही गाड्या महाराष्ट्रात तयार होतात. आरसी ३९० चाकणच्या बजाज कारखान्यात बनते, आरएस ४५७ बारामतीच्या पिआज्जो कारखान्यात. लिंबागणेशमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५४८-डी पाटोदा, जामखेड, श्रीगोंदा, शिक्रापूर करत थेट चाकणलाच पोचतो. म्हणजे नाव ऑस्ट्रियाचं असो की इटलीचं, घडण आपल्याच मातीतली. पण गाडी आपल्याकडे बनली म्हणून ती आपल्या रस्त्याला आपोआप साजेशी ठरत नाही. ते तपासावं लागतं आणि तपासायचं कसं, हाच आजचा विषय आहे.

कागद काय सांगतो

आधी सारखेपणा पाहू. आरसी ३९० चं इंजिन ३७३ सीसीचं, ताकद ४३.५ अश्वशक्ती, टॉर्क ३७ न्यूटन-मीटर आणि पेट्रोलसह वजन १७२ किलो. आरएस ४५७ चं इंजिन ४५७ सीसीचं, ताकद ४७.६ अश्वशक्ती, टॉर्क ४३.५ न्यूटन-मीटर आणि वजन १७५ किलो. दोन्हींना सहा गिअर, पुढे ३२० मिलिमीटरची डिस्क, पुढचा टायर ११०/७० आणि मागचा १५०/६०, चाकं सतरा इंची. ब्रेकचे कॅलिपरही दोन्हींना बायब्रे याच नावाचे. इटलीच्या ब्रेम्बो कंपनीचा हा ब्रँड आहे. पेट्रोलची टाकी आरसीची १३.७ लिटरची, आरएसची १३ लिटरची.

आरएस ४५७ चा ४७.६ हा आकडा कुठून आला, हे कळलं की कागदी आकड्यांकडे पाहायची नजर बदलते. युरोपात तरुण चालकांना मिळणाऱ्या ए-टू परवान्यावर ३५ किलोवॉटपेक्षा जास्त ताकदीची मोटरसायकल चालवता येत नाही. ३५ किलोवॉट म्हणजेच ४७.६ अश्वशक्ती. शिवाय दर किलो वजनामागे ०.२ किलोवॉटपेक्षा जास्त ताकद चालत नाही. ३५ ला ०.२ ने भागा, उत्तर १७५ येतं आणि गाडीचं वजन नेमकं १७५ किलोच आहे. ही गाडी युरोपच्या परवान्याच्या चौकटीत मोजून बसवलेली आहे. कमाल ताकदीचा तो आकडा आपल्या रस्त्याच्या गरजेतून आलेला नाही.

आपला रस्ता काय मागतो

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटरसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, शहराच्या हद्दीत आणि इतर रस्त्यांवर ६०. लिंबागणेशहून मांजरसुंब्याला येऊन सोलापूर–धुळे महामार्गाला लागलात तरी कायद्यातली शेवटची पायरी ८० चीच. सपाट रस्त्यावर एकट्या चालकाला हा वेग टिकवून ठेवायला हवेचा आणि टायरचा विरोध धरून साधारण चार-पाच अश्वशक्ती पुरते. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग दुप्पट केला की ती आठपट लागते. कमाल ताकदीचा उपयोग अशा दुप्पट वेगात आहे. आपल्या रस्त्यावर चार-पाच अश्वशक्ती लागत असताना ४३.५ आणि ४७.६ मधल्या फरकावर वाद घालून हाती काही लागत नाही.

मग फरक पडतो कुठे? पुढच्या प्रसंगाचा विचार करा. दिवाळीनंतरचे दिवस आहेत, गाळप हंगाम सुरू झाला आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने समोर चाललाय. त्याच्या मागे तुम्ही खालच्या गिअरमध्ये रेंगाळता आहात, इंजिनच्या फेऱ्या तीन-चार हजारांवर आहेत. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसतो. आता थ्रॉटल अर्धा उघडला की गाडी किती लवकर आणि किती सरळपणे पुढे निघते, यावर तुमचा जीव अवलंबून आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. जाताना आणि परतताना त्यांची बिऱ्हाडं याच रस्त्यांवरून चालतात, अनेकदा अंधारात, बैलगाड्यांसह. त्यांच्या बाजूने जाताना लागते ती ताबडतोब ऐकणारी, गचके न देणारी ताकद. ती मिळते तीन हजार ते सहा हजार फेऱ्यांच्या दरम्यान, अर्ध्या थ्रॉटलवर. निवड करायची ती इथे.

एक सिलिंडर आणि दोन सिलिंडर

या दोन गाड्यांमधला खरा भेद इंजिनाच्या रचनेत आहे. आरसी ३९० ला एकच सिलिंडर. ८९ मिलिमीटर व्यासाचा एक मोठा पिस्टन ६० मिलिमीटर खाली-वर जातो. आरएस ४५७ ला शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, प्रत्येक पिस्टन ६९ मिलिमीटर व्यासाचा.

चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच ज्वलन होतं. तीन हजार फेऱ्यांवर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस धक्के बसतात. दोन सिलिंडर असतील तर पन्नास आणि प्रत्येक धक्का लहान. म्हणून कमी फेऱ्यांवर एक-सिलिंडर गाडीचा मोठा धक्का चेनमधून थेट मागच्या चाकापर्यंत जाणवतो. वरच्या गिअरमध्ये हळू चालवलं की ती गचके देते, इंजिन नॉक करायला लागतं आणि चालकाला गिअर पाडावा लागतो. आरसी ३९० चालवणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा आहे : चार हजारांच्या वर ती खुलते, त्याखाली तिला खालचा गिअर हवा असतो.

आरएस ४५७ च्या क्रँकवरचे दोन जोड २७० अंशांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे एक धक्का २७० अंशांनी आणि पुढचा ४५० अंशांनी येतो. धक्क्यांतलं अंतर असमान असल्यामुळे आवाज भरीव येतो, पण तरीही एक-सिलिंडरपेक्षा ओढ जास्त सलग मिळते. तिचा कमाल टॉर्क ६७०० फेऱ्यांवर येतो, आरसीचा ७००० वर. हे आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण तिथे पोचण्याआधीच्या वाटेवर आरएसकडे टॉर्कचा साठा जास्त आहे. ट्रॅक्टर ओलांडताना किंवा डबलसीट चढ चढताना तोच कामी येतो.

फक्त यावर निकाल द्यायचा असता तर मी इथेच आरएस म्हणून थांबलो असतो. पण घाट शिल्लक आहे.

वळणावरचा ब्रेक

बालाघाटच्या डोंगररांगेत राहणाऱ्याला वळण टाळता येत नाही. वळणात टायरची पकड दोन कामांत वाटली जाते : गाडीला वळवण्यात आणि ब्रेक लावण्यात. गाडी जितकी कललेली, तितकी ब्रेकसाठी उरलेली पकड कमी. साधा एबीएस चाक घसरतंय का एवढंच पाहतो, गाडी किती कलली आहे हे त्याला कळत नाही. २०२२ मध्ये नव्या रूपात आलेल्या आरसी ३९० मध्ये कल मोजणारा सेन्सर आहे. त्यामुळे वळणात ब्रेक दाबला तर तिचा एबीएस कलाचा हिशोब धरून दाब सोडतो. ट्रॅक्शन कंट्रोलही तसाच. आरएस ४५७ मध्ये दोन्ही चाकांचा एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, चालवण्याचे तीन मोड आहेत, पण कल मोजणारी यंत्रणा नाही. क्लच न दाबता गिअर बदलण्याची सोय, म्हणजे क्विकशिफ्टर, आरसीला कंपनीकडूनच मिळते. आरएस आली तेव्हा ती वेगळे पैसे देऊन घ्यावी लागत होती.

घाटाच्या वळणावर खडी सांडलेली असते, पावसाळ्यात शेतातून रस्त्यावर माती येते. अशा जागी आरसीची ही यंत्रणा खरीखुरी सोबत करते. मात्र ती नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. ताशी ८० च्या वेगात भानावर येऊन ब्रेक दाबायला एक सेकंद धरला तर त्या सेकंदात गाडी बावीस मीटर पुढे जाते. कोरड्या डांबरावर नंतर थांबायला आणखी सुमारे पस्तीस मीटर लागतात. ६० च्या वेगात हीच एकूण बेरीज सदतीस मीटरच्या आसपास येते. वळणापूर्वी कमी केलेला वेग कुठल्याही सेन्सरपेक्षा जास्त वाचवतो.

बसायची उंची आणि मागची सीट

आरएस ४५७ ची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटरवर आहे. २०२२ ची आरसी ३९० आली तेव्हा तिची ८३५ मिलिमीटर होती. साडेतीन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण बाजारच्या दिवशी गर्दीत, उतारावर, एका पायावर पावणेदोनशे किलोची गाडी पेलायची असते, तेव्हा दोन्ही टाचा टेकतात की फक्त चवडे, यावर आत्मविश्वास ठरतो. साडेपाच फुटांच्या आसपास उंची असेल तर हा मुद्दा ताकदीच्या आधी तपासा. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या सस्पेन्शनची हालचाल १२० मिलिमीटरच आहे, म्हणून न रंगवलेला गतिरोधक दोघीही सारख्याच नाराजीने घेतात.

मागची सीट दोन्हींची नावापुरतीच. चतुर्थीला घरच्यांना मागे बसवून लिंबागणेशच्या भालचंद्र गणपतीच्या दर्शनाला न्यायचं असेल, रोज आईला किंवा बायकोला बीडला सोडायचं असेल, तर मागे बसणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय यातली एकही गाडी घेऊ नका. गाडी घराची असते, तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येकाचं मत त्यात धरायला हवं.

पैशाची बाजू

आरसी ३९० मे २०२२ मध्ये ३ लाख १४ हजार रुपये शोरूम किमतीला आली, आरएस ४५७ डिसेंबर २०२३ मध्ये ४ लाख १० हजारांना. त्यानंतर किमती हलल्या आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून करही बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांना आधी सेससह ३१ टक्के पडत, आता ४० टक्के पडतात. या दोन्ही गाड्या ३५० च्या वर आहेत, त्यामुळे दोघींना मार सारखाच. विम्यातही तेच. २०२२ च्या दरपत्रकात ३५० सीसीवरच्या नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा सक्तीचा तृतीय पक्ष विमा १५,११७ रुपये होता, १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५. बजेट ताणलं जात असेल तर ३१२ सीसीची टीव्हीएस अपाची आरआर ३१० ही तिसरी गाडी यादीत जरूर धरा. कर आणि विमा दोन्हीकडे ती खालच्या पायरीवर बसते.

पैशाच्या हिशोबात सर्व्हिस सेंटरचं अंतर लिहायला विसरू नका. गाडी नोंदवण्याआधी जवळच्या सेंटरला स्वतः जा. ब्रेक पॅड, क्लच केबल, पडल्यावर तुटणारे लिव्हर आणि फेअरिंगचे तुकडे तिथे शेल्फवर आहेत की मागवावे लागतात, ते विचारा. एका पार्टसाठी महिनाभर दारात उभी राहणारी गाडी किती सुरेख आहे, याला अर्थ उरत नाही.

चालवून पाहताना

शोरूमच्या बाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावरची एक फेरी पुरेशी नाही. तीन गोष्टी पाहा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वर या आणि फक्त अर्धा थ्रॉटल देऊन ७० पर्यंत जा, गचके किती बसले ते लक्षात ठेवा. मागे माणूस बसवून एक उंच गतिरोधक हळू ओलांडा, खाली घासतं का ऐका. आणि दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटं गर्दीतून चालवा. पंख्याची गरम हवा मांडीवर किती येते ते बीडच्या एप्रिल-मेमध्ये रोज सोसायचं आहे. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकामागून एक चालवल्या तरच तुलना खरी होते.

माझं मत

रोजचा प्रवास गावातून बीडपर्यंतचा, मध्ये ट्रॅक्टर, चढ आणि कधीमधी डबलसीट असेल आणि सर्व्हिस सेंटर आवाक्यात असेल, तर मी आरएस ४५७ सुचवेन. अर्ध्या थ्रॉटलवर ती जास्त शांत, जास्त हुकमी आहे आणि पाय जमिनीला नीट टेकतात. उंची पुरेशी असेल, बहुतेक वेळा एकटेच चालवत असाल, घाटाची वळणं जास्त असतील आणि लाखभर रुपये वाचवून त्यातून चांगलं हेल्मेट, जॅकेट, बूट घ्यायचे असतील, तर आरसी ३९० घ्या. वळणातला तिचा एबीएस हे तिचं मोठं देणं आहे. मात्र तिला गिअर पाडत चालवायची सवय लावून घ्यावी लागेल. जुनी घेत असाल तर २०२२ नंतरची, नव्या रूपातलीच पाहा.

वाकून बसायची ही ठेवण आपल्या रस्त्यावर मुळात हवी का, हा प्रश्न अजून बाकी आहे. सरळ हँडलच्या ३९० ड्यूक आणि ट्युओनो ४५७ या बहिणी याच कारखान्यांतून निघतात. पुढच्या भागात त्यांचा विचार करू.