उंदराला लागू पडलेले औषध माणसाला लागू पडेलच का?

मधुमेह हा नुसता साखरेचा आजार नाही. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की रक्तवाहिन्या खराब होतात आणि हृदयविकार जडतो. बाबासाहेबांनाही मधुमेहाने ग्रासले होते. साखरेच्या गोळीने हृदयही वाचेल का, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घराघरातला आहे.

चरबी रक्तात विरघळत नाही. प्रथिनांच्या वेष्टनात बसून ती शरीरभर फिरते. या कणांना लायपोप्रोटीन म्हणतात. त्यांतले एलडीएल कण वाढले की ते धमनीच्या भिंतीत शिरून साचतात. पांढऱ्या पेशी त्यांना गिळून फुगतात आणि तिथे थर बसतो. हा थर फुटून रक्ताची गुठळी झाली की हृदयविकाराचा झटका येतो.

रोसिग्लिटाझोन या गोळीला १९९९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ती इन्सुलिनचा परिणाम वाढवते. २००० साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी ती एलडीएल साफ न होणाऱ्या, जनुक बदललेल्या उंदरांना दिली. नर उंदरांच्या धमन्यांत थर कमी बसला. मादी उंदरांत मात्र तसा फायदा दिसला नाही.

पुढे माणसांत वेगळेच चित्र दिसले. या गोळीने रुग्णांचे एलडीएल वाढत होते. २००७ साली अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र तपासले, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त आढळला. भारताने २०१० साली या औषधावर बंदी घातली. नंतरच्या तपासणीत झटक्याचा धोका तेवढा ठरला नाही आणि अमेरिकेने २०१३ साली निर्बंध सैल केले. पण अंगात पाणी साठून हृदय कमजोर होण्याचा धोका कायम राहिला.

असे का झाले? साध्या उंदराचे बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये असते, माणसाचे एलडीएलमध्ये. उंदराला हा आजार जनुक बदलून किंवा खास आहार देऊन लावावा लागतो. म्हणून प्राण्यांवरचा प्रयोग वाट दाखवतो, निकाल देत नाही.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. औषधाच्या जाहिरातीलाही तोच नियम लावावा. मात्र पारखणे म्हणजे गोळी आपल्या मनाने बंद करणे नव्हे. डॉक्टरांना विचारा : या गोळीने माणसांतले झटके कमी झाले आहेत का? माझे एलडीएल किती आहे? याच गटातली पायोग्लिटाझोन ही गोळी आपल्याकडे आजही दिली जाते. ती घेताना पाय सुजले, वजन झपाट्याने वाढले किंवा दम लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.