जायफळ-वेलची पूड

जायफळ-वेलची पूड ही गोड पदार्थांना सुवास आणण्यासाठी महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, घरोघरी केली जाणारी कोरडी सुगंधी पूड होय. जायफळ व वेलची हे तिचे मूळ घटक असून निखाऱ्यांवर किंवा भट्टीत भाजल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी त्यांत दालचिनी, सुंठ, लवंग व जायपत्री यांची भर घालतात. गोडा मसाला आणि ही पूड यांत घोटाळा होण्याचा संभव असतो. गोडा मसाला हा धने, तीळ, खोबरे, दगडफूल इत्यादी तेलावर परतून केलेला आमटी-भाजीचा मसाला आहे. जायफळ-वेलची पुडीतील जिन्नस परतत नाहीत आणि ती तिखट-मिठाच्या पदार्थांत सहसा पडत नाही.

पूर्वपीठिका

सुगंधी द्रव्यांचे ठरावीक गट करण्याची रीत भारतात जुनी आहे. आयुर्वेदात दालचिनी, वेलची व तमालपत्र या तिघांना मिळून 'त्रिजात' आणि त्यांत नागकेशर मिळवल्यास 'चातुर्जात' म्हणतात. चूर्णे, अवलेह व पाक यांना सुवास व रुची आणण्यासाठी हे गट वापरले जात. आजच्या घरगुती पुडीत तमालपत्र व नागकेशर राहिलेले नाहीत. त्यांची जागा जायफळाने घेतलेली दिसते.

वेलची मूळची दक्षिणेकडील सह्याद्रीची. जायफळ मात्र इंडोनेशियातील बांदा बेटांवरून आले. एकाच फळाची बी म्हणजे जायफळ आणि त्या बीवरील तांबडे जाळीदार आवरण म्हणजे जायपत्री. या दोन वस्तूंच्या व्यापारासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये यान पीटरसून कून याच्या नेतृत्वाखाली बांदा बेटे जिंकली व तेथील बहुसंख्य रहिवाशांचा संहार केला किंवा त्यांना देशोधडीला लावले. पुढे १६६७ च्या ब्रेडा येथील तहात इंग्रजांनी रून या लहानशा जायफळाच्या बेटावरील हक्क सोडला आणि उत्तर अमेरिकेतील मॅनहॅटन त्यांच्याकडे राहिले. सणासुदीला पुरणात चिमूटभर किसल्या जाणाऱ्या जायफळामागे एवढा रक्तरंजित इतिहास आहे, याची कल्पना क्वचितच कोणाला असते.

पेण व रोहा परिसरातील वापर

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ही दोन्ही खाडीच्या आश्रयाने वाढलेली गावे. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. तेथेच चौल हे प्राचीन बंदर होते. हिंदी महासागरातील व्यापारात चौलचे महत्त्व पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. १७४० मध्ये ते मराठ्यांच्या ताब्यात आले. बाहेरचा सुगंधी माल बंदरावर, आणि तांदूळ, गूळ व नारळ घरात, अशा या पट्ट्यातील गोड पदार्थ प्रामुख्याने याच तीन जिनसांचे आहेत.

पेण हे गणेशमूर्तींसाठी जसे प्रसिद्ध आहे तसे पोहे व पापडांसाठीही आहे. गणेशोत्सवातील उकडीच्या मोदकांच्या सारणात जायफळ-वेलची पूड लागतेच. या जिल्ह्यात पूर्वापार वसलेल्या बेने इस्रायल समाजात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या स्मरणार्थ 'मलिदा' करतात. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर किंवा गूळ आणि सुकामेवा यांच्या या पदार्थात वेलची व जायफळ घालण्याची पद्धत आहे. एकच पूड दोन धर्मांच्या नैवेद्यांत पडते आणि दोन्हीकडे आधार तांदळाचा व नारळाचा, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

भाजलेल्या पदार्थांत कोकणचा स्वतःचा नमुना म्हणजे धोंडस. श्रावण-भाद्रपदात मोठी पिवळी तवशी निघू लागली की तवसे किसून त्यात तुपावर भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, खोवलेला नारळ व चवीपुरते मीठ मिसळतात. जाड बुडाच्या पातेल्यात हळदीचे किंवा केळीचे पान घालून त्यावर हे मिश्रण ओततात आणि खाली मंद विस्तव व झाकणावर निखारे ठेवून भाजतात. ओव्हन घरात येण्यापूर्वीचा हा केकच होय. धोंडसात काही घरी वेलची, काही घरी जायफळ, तर काही घरी सुंठ घालतात. गुळाच्या पदार्थाला जायफळ व साखरेच्या पदार्थाला वेलची असा एक संकेत सांगितला जातो, परंतु तो काटेकोरपणे पाळला जातोच असे नाही.

महाराष्ट्रातील अनेक गावांत दिवाळीपूर्वी रवा, मैदा, तूप व साखर घेऊन बेकरीत जाण्याची आणि तेथील भट्टीतून नानकटाई भाजून आणण्याची प्रथा होती. पिठात घालायची वेलचीची पुडी घरूनच न्यावी लागे. घरोघरी ओव्हन आल्यापासून ही प्रथा विरळ होत गेली.

घटक व त्यांची पारख

पुडीचा सुवास हा सर्वस्वी बाष्पनशील तेलांचा असतो. ही तेले अख्ख्या जिनसात पेशींच्या आत कोंडलेली असतात. दळताच ती मोकळी होऊन उडू लागतात. म्हणून तयार पुडीपेक्षा अख्खा जिन्नस घेणे केव्हाही श्रेयस्कर. त्यामागे दुसरेही कारण आहे. अख्ख्या जिनसाची पारख डोळ्यांनी करता येते, पुडीची येत नाही.

वेलचीचे जवळजवळ सर्व तेल आतल्या काळ्या दाण्यांत असते. सिनिऑल व टर्पिनिल ॲसिटेट ही त्यातील प्रमुख संयुगे. सालीला सुवास फारच थोडा असतो. बाजारातील स्वस्त पुडीत साली दळून मिसळल्या जातात आणि अशी पूड फिकट व तंतुमय दिसते. चांगल्या वेलदोड्याचे दाणे काळसर, किंचित चिकट असतात. पांढुरके, कोरडे दाणे जुने समजावेत. सोललेल्या साली टाकून न देता चहाच्या डब्यात ठेवाव्यात. त्या तेवढ्या कामाच्या असतात.

जायफळ हातात जड लागले पाहिजे. हलके लागल्यास व त्यावर बारीक छिद्रे दिसल्यास ते किडलेले आहे असे समजावे. सुई खुपसली असता छिद्राच्या कडेला तेलाचा अंश दिसणे ही ताजेपणाची जुनी परीक्षा आहे. बुरशी आलेले जायफळ पुसून वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. जायफळावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात आणि ते पुसल्याने वा भाजल्याने जात नाही. जायपत्रीत होणारी फसवणूक वेगळी आहे. सह्याद्रीत वाढणाऱ्या एका रानटी जायफळाची 'रामपत्री' दिसायला तशीच, पण गडद तपकिरी व बहुतांशी निर्गंध असते. चुरगाळून वास घेतल्यास फरक कळतो.

दालचिनीच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते, कारण या एका नावाखाली दोन झाडांच्या साली विकल्या जातात. खऱ्या दालचिनीची साल कागदासारखी पातळ असते, तिच्या अनेक पापुद्र्यांची सुरळी होते आणि ती बोटांनी चुरते. कॅशिया या दुसऱ्या झाडाची साल जाड, कठीण व एकाच थराची असून चवीला उग्र असते. भारतीय बाजारात ती विपुल आहे. कॅशियात कुमारिन हे संयुग बरेच असते व ते दीर्घकाळ अधिक प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपाय करू शकते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दररोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे. सणाच्या केकमुळे ती ओलांडली जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. रोज चमचाभर दालचिनी पूड औषध म्हणून घेणाऱ्यांनी मात्र आपण कोणती साल खातो हे पाहिले पाहिजे. खऱ्या दालचिनीत कुमारिन अत्यल्प असते.

ही खरी दालचिनी व जायफळ आता कोकणातही होतात. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने दालचिनीची 'कोकण तेज' आणि जायफळाच्या 'कोकण सुगंधा', 'कोकण स्वाद' व 'कोकण संयुक्ता' या जाती प्रसारित केल्या आहेत. जायफळाची नर व मादी झाडे बहुधा वेगळी असतात व बियांपासून वाढवलेले झाड कोणते निघाले हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे काही वर्षे, कळत नाही. शेतकऱ्याची ही अडचण कलमांमुळे दूर झाली. नारळ-सुपारीच्या सावलीत ही झाडे आंतरपीक म्हणून चांगली वाढतात.

इंग्रजी पाककृतींत आढळणारा ऑलस्पाइस हा मसाल्यांचे मिश्रण नसून एका मध्य अमेरिकी झाडाचे वाळवलेले फळ आहे. बाजारात तो पुष्कळदा कबाबचिनी या नावाने मिळतो. तथापि खरी कबाबचिनी म्हणजे देठाची शेपटी असलेले कंकोळ, ती वस्तू निराळी. ऑलस्पाइस न मिळाल्यास लवंग, दालचिनी व जायफळ यांवर भागते.

कृती

भाजायच्या पदार्थांसाठी पुढील प्रमाण घरगुती वापरास पुरेसे आहे. वेलचीचे सोललेले दाणे १० ग्रॅम (यासाठी सुमारे १५ ग्रॅम वेलदोडे लागतात), खरी दालचिनी ८ ग्रॅम, सुंठ पूड ५ ग्रॅम, अर्धे जायफळ म्हणजे सुमारे ३ ग्रॅम, जायपत्री १ ग्रॅम आणि १० ते १२ लवंगा. लवंग जपून घालावी. तिच्यातील युजेनॉल इतर सर्व वास झाकून टाकते. ज्यांना केवळ मोदक, पुरण किंवा श्रीखंडासाठी पूड हवी असेल त्यांनी दालचिनी, सुंठ, लवंग व जायपत्री वगळावी.

जिन्नस तव्यावर भाजू नयेत. उन्हात तासभर ठेवले तरी ते कुटण्याइतके कोरडे होतात. पावसाळ्यात ऊन नसल्यास तवा तापवून विस्तव बंद करावा व त्या उबेवर जिन्नस काही मिनिटे ठेवावेत. दालचिनी, लवंग व जायपत्री खलबत्त्यात कुटून घ्यावी. वेलचीचे दाणे एकटे कुटले तर उडतात व खलाला चिकटतात, म्हणून त्यांत दोन चमचे साखर घालावी. साखरेचे कण दाणे घासतात आणि सुटणारे तेल शोषून घेतात. जायफळ मात्र कुटू नये. त्यात स्निग्धांश इतका असतो की मिक्सरमध्येही त्याचा गोळा होतो. ते बारीक किसणीवर किसावे. शेवटी सर्व एकत्र करून बारीक चाळणीने चाळावे व वरचा चोथा पुन्हा कुटावा.

पदार्थात घालताना पूड कोरड्या पिठात न मिसळता आधी तुपात किंवा लोण्यात घोळावी. सुगंधी तेले स्निग्ध पदार्थात विरघळतात व तेथे टिकतात. पाव किलो पिठाला एक लहान चमचा हे प्रमाण साधारण असले तरी पदार्थाच्या जाडीप्रमाणे ते बदलते. केक किंवा धोंडस यांच्या आत ओलावा असल्याने बाहेरून कितीही आच असली तरी आतील तापमान १०० अंश सेल्सियसच्या आतच राहते व सुवास टिकतो. नानकटाई लहान व कोरडी असते, तिच्यातून तो लवकर उडतो. तिला थोडी अधिक पूड लागते. यीस्टने फुगवायच्या पावाच्या पिठात दालचिनी अधिक घालू नये, कारण तिच्यातील सिनॅमाल्डिहाइड यीस्टची वाढ रोखते व पीठ नीट फुगत नाही. अशा पावात पूड साखरेसोबत सारणात भरतात.

अन्य देशांतील समांतर मिश्रणे

इंग्लंडमधील 'मिक्स्ड स्पाइस', नेदरलँड्समधील 'स्पेक्युलास' बिस्किटांचा मसाला व अमेरिकेतील भोपळ्याच्या पायसाठीचा मसाला ही याच प्रकारची मिश्रणे होत. त्या सर्वांत दालचिनी प्रमुख असते. मराठी पुडीत मुख्य स्थान वेलचीला आहे, हा ठळक भेद.

साठवण व दक्षता

रायगड जिल्ह्यात पावसाचे वार्षिक प्रमाण सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास आहे. अशा दमट हवेत पुडीच्या गुठळ्या होतात व तिचा वास दोन-तीन महिन्यांत मंदावतो. पूड घट्ट झाकणाच्या काचेच्या लहान बाटलीत, चुलीपासून दूर ठेवावी. बाटली भरलेली असावी, अर्धी रिकामी नको. ओला चमचा आत जाऊ देऊ नये. वर्षाची पूड एकदम करून ठेवण्यात काहीच लाभ नाही. वर दिलेले प्रमाण लहान आहे ते याच कारणाने.

जायफळ अल्प प्रमाणात निर्धोक आहे. परंतु ५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक जायफळ पोटात गेल्यास मळमळ, तोंडाला कोरड, हृदयाची धडधड, भ्रम अशी विषबाधेची लक्षणे काही तासांनी दिसू लागतात. मिरिस्टिसिन हे त्यातील एक कारणीभूत संयुग मानले जाते. एका अख्ख्या जायफळाचे वजनच ५ ते ७ ग्रॅम भरते. वरील कृतीत ३ ग्रॅम जायफळ सुमारे ३० ग्रॅम पुडीत विभागलेले असल्याने चमचाभर पुडीत ते नाममात्र येते. तान्ह्या मुलाला झोप लागावी म्हणून सहाणेवर जायफळ उगाळून चाटवण्याची चाल कोकणात व इतरत्रही आहे. उगाळताना मात्रा मोजली जात नाही आणि बाळाचे वजन मोठ्या माणसाच्या दशांशाहूनही कमी असते. त्यामुळे वैद्यकीय सल्ल्यावाचून असे करणे धोक्याचे आहे. अख्खी जायफळे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवावीत.