फिल्टर मळला म्हणजे संपला नाही

गेल्या उन्हाळ्यात आळेफाट्याच्या एका गॅरेजात दहाचाकी गाडी उभी होती, कांदा उतरवून आलेली. ड्रायव्हरने एअर फिल्टर बाहेर काढला आणि टायरवर चार वेळा आपटला. धुळीचा लोट उठला. मग टायरमध्ये हवा भरायची तीच नळी घेऊन त्याने घड्यांवर जोरात हवा मारली आणि तो परत बसवायला निघाला. तेवढ्यात मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "दादा, थांबा. बघू द्या आधी." त्यांनी फिल्टरच्या पोटात टॉर्च घातला आणि शटरच्या आत, अंधारात नेऊन तो सावकाश फिरवला. कागदातून सगळीकडे मंद, तांबूस उजेड झिरपत होता. एका घडीत मात्र टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका लखलखला. कागद फाटला होता.

ट्रकचा एअर फिल्टर कधी बदलायचा, असं जुन्नर-आंबेगावात विचारलं की साधारण तीन उत्तरं मिळतात. मळला की, सर्व्हिसिंगला, नाहीतर गाडी ओढेनाशी झाली की. शेवटच्या उत्तराची वाट बघितली तर फार उशीर झालेला असतो. दुसरं निम्मं बरोबर आहे. पहिलं उत्तर सगळ्यांना पटतं आणि तेच इंजिनच्या मुळावर येतं.

आधी इंजिनची भूक बघू. भरलेल्या गाडीला एक लिटर डिझेल जाळायला ढोबळमानाने 16-17 किलो हवा लागते. आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंच. इथल्या उन्हाळी, विरळ हवेत एवढं वजन भरायचं तर 15 हजार लिटरच्या आसपास हवा आत ओढावी लागते. म्हणजे लिटरभर डिझेलमागे पाण्याचा दीड टँकर भरेल एवढी हवा. नारायणगावहून टोमॅटो घेऊन निघालेल्या गाडीने वाशीपर्यंत 30 लिटर डिझेल जाळलं, तर ती साडेचार लाख लिटर हवा प्यायलेली असते.

नाशिक हायवेच्या डांबरावर या हवेत धूळ फार नसते. खरी परीक्षा उसाच्या हंगामात होते. पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे किंवा जुन्नरच्या विघ्नहरकडे निघालेली गाडी आधी फडातून बाहेर पडते आणि पाणंदीने, पुढच्या गाडीच्या धुरळ्यात, पहिल्या गिअरमध्ये रेटत येते. समोरचं काही दिसेनासं होतं तेव्हा एका घनमीटर हवेत जवळपास 1 ग्रॅम धूळ असू शकते. अशा धुरळ्यात लिटरभर डिझेल जळेपर्यंत गाडीने 15 ग्रॅम माती ओढली, म्हणजे मोठा चमचाभर. फिल्टर 99.9 टक्के धूळ अडवत असेल तर इंजिनात 15 मिलिग्रॅम जाते. तोच 99 टक्क्यांवर घसरला तर 150. कागदावर एका टक्क्याहूनही कमी फरक, पण इंजिनच्या पोटात गेलेली माती दहापट. टाचणीएवढ्या भोकाला मिस्त्री का घाबरतात, ते या हिशोबातून कळतं.

ही माती साधी नाही. आपल्याकडचा मुरूम, क्रशरची भुकटी, शेतातली काळी माती, सगळी मूळ बेसाल्टची. बेसाल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज इतकं कठीण असतं की साध्या सुरीने त्यावर ओरखडा उठत नाही. लायनर आणि पिस्टन रिंग यांच्यामध्ये तेलाचा थर असतो काही मायक्रॉनचा. त्यात 5 ते 20 मायक्रॉनचा कण अडकला की तो तेलाशी मिसळून पॉलिशपेपरसारखा घासत राहतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, तेव्हा हा कण डोळ्याला दिसण्याचा प्रश्नच नाही. पुढे गाडी ऑइल खायला लागते, पिकअप जातो आणि एक दिवस इंजिनचं काम निघतं.

बारीक धूळ किती लांब जाते याचा एक पुरावा जुन्नर तालुक्यातच आहे. बोरीला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्याचा बराच अभ्यास केला आहे. ही राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरहून लांबून वाऱ्यावर आलेली. ती 74 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर संशोधकांत अजून वाद आहे. मला त्या थरापाशी उभं राहिलं की नेहमी वाटतं, जो कण समुद्र ओलांडून कुकडीपर्यंत येतो, त्याला गाडीच्या सैल रबरातून आत शिरायला कितीसा वेळ लागणार?

आता मळण्याबद्दल. फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी, असं आपण धरून चालतो. छिद्रापेक्षा मोठं अडकेल, लहान निसटेल. कागदी फिल्टर तसा चालत नाही. त्यात तंतूंचं जाळं असतं आणि हवा त्यातून वळणं घेत जाते. जड कणांना वळता येत नाही, ते सरळ जाऊन तंतूवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात आणि कुठेतरी चिकटतात. निसटतात ते बहुतेक मधल्या मापाचे, मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचे. आणि जे कण एकदा चिकटले, ते पुढच्या कणांना अडवायला लागतात. धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळायला लागतो. म्हणून थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा हवा जास्त स्वच्छ गाळतो. टायरवर आपटून आपण नेमका हा थर झाडतो, वर कागद चेपतो आणि कडेचं रबर वाकडं करतो. शंभर पौंडांच्या आसपास दाबाची हवा कागद फाडते. ज्या कंपन्या हवेने साफ करू देतात, त्याही दाब अगदी कमी ठेवायला आणि आतून बाहेरच्या दिशेने मारायला सांगतात. आतला छोटा सेफ्टी फिल्टर तर कधीच साफ करायचा नसतो, तो फक्त बदलायचा.

मग बदलायची वेळ कशी ओळखायची? इंजिनला हवा ओढायला किती जोर लागतोय, यावरून. तेवढ्यासाठीच बहुतेक ट्रकना फिल्टरच्या घरापाशी किंवा डॅशबोर्डवर इंडिकेटर असतो. बऱ्याच जड डिझेल इंजिनांसाठी या जोराची मर्यादा सुमारे 6 किलोपास्कल, म्हणजे पाण्याच्या 25 इंच उंचीएवढी ओढ असते. उसाचा रस दोन फूट लांबीच्या उभ्या नळीने ओढून बघा, त्या मर्यादेला इंजिनचा प्रत्येक श्वास तसा होतो. त्यापुढे काळा धूर, टर्बोवर ताण, डिझेलचा जादा खर्च. पण लाल पट्टी दिसेपर्यंत फिल्टर उघडायचं कारण नाही. प्रत्येक वेळी घर उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडतेच.

इंडिकेटर यार्डात उभ्या गाडीवर बघून काही कळत नाही. माल भरून आणे घाट चढून आलात, इंजिनने पूर्ण जोर लावला, मग बघा. काचेत अडकून राहिलेली खूण तेव्हाची असते. एकाच मालकाच्या दोन गाड्यांमध्ये हायवेची गाडी वर्षभर लाल दाखवणार नाही आणि फडातली महिन्या-दोन महिन्यांत दाखवेल. दोघींचा फिल्टर एकाच दिवशी बदलणं म्हणजे एकीचे पैसे वाया आणि दुसरीचं इंजिन. अर्थात पट्टी लाल झाली नाही तरी पुस्तिकेतली कमाल मुदत पाळावीच, कागद आणि रबर वयानेही थकतात. माळशेजच्या धुक्या-पावसात ओला झालेला कागद हवा अडवतो आणि दुबळाही होतो. तो उन्हात वाळवून परत वापरू नये. फिल्टरच्या घराखालची रबरी झडप रोज चिमटून साचलेली माती पाडली, तर फिल्टरचं आयुष्य फुकटात वाढतं. बऱ्याच छोट्या पिकअपना इंडिकेटर नसतो आणि हवा घेणारं तोंडही खाली, धुरळ्याच्या उंचीवर असतं. पुस्तिकेत खडतर वापरासाठी कमी किलोमीटरचा वेगळा तक्ता दिलेला असतो. शेतमालाच्या गाडीने तोच धरावा.

त्या दिवशी गॅरेजात नवा फिल्टर आला. ड्रायव्हर बसवायला गेला तर मिस्त्रींनी पुन्हा थांबवलं. ओल्या फडक्याने घर आतून पुसलं, मग फिल्टरच्या पुढच्या, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपात बोट घालून फिरवलं. या बाजूला काहीच असायला नको. बोट बाहेर आलं तेव्हा त्याच्या टोकावर तांबूस, पिठासारखी माती होती. त्यांनी ते बोट ड्रायव्हरसमोर धरलं, एक शब्द बोलले नाहीत आणि पाइपाची ढिली क्लिप आवळायला पाना शोधू लागले.